सोळा अक्षरांच्या आत

तुर्कूच्या टेकडीवर घुमट, घुमटाला चीर,
चिरेवर बर्फ. त्या साली ऑक्टोबरातच.
तो झाडायला हिल्का चढायची,
पायात पुरुषी बूट, हातात बर्चच्या काटक्यांची झाडणी,
कमरेला दोर.
दोराच्या या टोकाला मी. पगार गणिताचा,
पण दोर धरायला दुसरं कोणी जागं नसायचं.

ऊर्हो सिनिसालोने काच उघडी ठेवली चाळीस मिनिटं,
मग दुसरी, पुन्हा चाळीस.
सकाळी धुतलेल्या दोन्ही काचा मी यंत्रात लावल्या.
डोळा या काचेवर, त्या काचेवर, या, त्या,
हजार ठिपके जागच्या जागी
आणि एक सरकलेला.
निवडायला घेतलेल्या वाटाण्यांतला एक दाणा
चालू लागावा, तसा.

तीन रात्री मिळाल्या. मग ढग बसले ते बसलेच.
तीन रात्रींवरून कक्षा बांधायची म्हणजे
तीन पावलांवरून माणूस कुठल्या गावचा ते सांगायचं.
तरी बांधली.
यंत्राची मूठ फिरवत, सात आकडी कोष्टकं उलटत,
सहा संख्या:
वाट किती मोठी, किती लंबुळकी, किती कललेली,
कुठे वर चढते, कुठे सूर्याशी लगट करते,
आणि अमुक दिवशी तो त्या वाटेवर नेमका कुठे.
एक फेरा चार वर्षं सात महिन्यांचा.
मंगळाच्या पलीकडे, गुरूच्या अलीकडे,
जिथे असे हजारो आहेत आणि कोणाचं कोणाला धक्का लागत नाही.
खाली मी रेघ मारली. पेन्सिलीने.

पंधरा महिन्यांनी पृथ्वी त्याला पुन्हा गाठणार होती,
म्हणजे जानेवारी, एकोणीसशे चाळीस.
गावात दिवे लावायला बंदी, वरून विमानं.
इतकं काळं, इतकं स्वच्छ आकाश
मी जन्मात पाहिलं नव्हतं,
आणि दुर्बिणीमागे कोणी नव्हतं.
काचा बटाट्यांच्या तळघरात. ऊर्हो करेलियाच्या जंगलात.
काचा परत आल्या.

मग छत्तीस वर्षांनी कॉर्दोबाहून पत्र.
नेलिदा ओयार्सून नावाची कोणी मुलगी:
बाई, तुमच्या तीन रात्री माझ्या काचेवर आल्यात,
आठ फेरे संपवून नवव्यात आहे तो,
तुमच्या पेन्सिलीपासून थोडा उजवीकडे.
थोडा म्हणजे किती ते तिने लिहिलं होतं. मी इथे लिहीत नाही.

शोधणारा नाही, तेव्हा नाव सुचवायचा मान माझा.
नियम असे: सोळा अक्षरांच्या आत,
उच्चारता येईल असं, आधी कोणाचं नसलेलं.
सगळे म्हणाले, ऊर्हो. मीही आठवडाभर तेच म्हणत होते.
पण त्याचं नाव चर्चच्या आवारात
एका दगडावर कोरलेलं आहे.
अजून एक दगड कशाला?

हिल्काच्या पोराचा बाप कोण, तिने सांगितलं नाही.
माझा एक अंदाज आहे; पण निरीक्षणं तुटपुंजी असली
की मी शाई वापरत नाही.
गावाने तिला जन्मभर नावं ठेवली.
मी एकच ठेवलं.

वृद्धाश्रमात कागद घेऊन गेले तेव्हा बाहेर भुरभुरत होतं.
तिने शिक्का पाहिला, क्रमांक पाहिला,
स्वतःचं नाव बोटाने दोनदा वाचलं.
मी सांगितलं, डोळ्यांना दिसायचा नाही,
पण आहे. वीसेक किलोमीटरचा असेल. फिरतोय.
बराच वेळ गेला.
"तिथं बर्फ पडतो?"
"नाही."
"मग मला काय काम तिथं?"
म्हणाली, आणि माझ्या कोटाच्या खांद्यावरचा
बर्फ झाडला, हातानेच.